प्रलयाला गणवेश नसतो

इंग्रजी सिनेमावाल्यांना जगबुडीची फार घाई असते. आपल्याकडे कलियुग संपायला अजून काही लाख वर्षं शिल्लक आहेत असं पंचांगवाले ठामपणे सांगतात, त्यामुळे आपण निवांत असतो. गॅसचा नंबर लावतो, आरडी काढतो, मुलगी रांगायला लागली की तिच्या लग्नाचं सोनं जमवायला लागतो. तिकडे तसं नाही. एखादा अणुबॉम्ब, एखादी रोगाची साथ, नाहीतर आभाळातून पडलेला एखादा धोंडा, आणि मध्यंतराच्या आत जग खलास! मग उरलेल्या सिनेमात उरलेली माणसं उरलेल्या पेट्रोलसाठी एकमेकांच्या उरावर बसतात.

या उरल्यासुरल्यांच्या सिनेमाचा मूळपुरुष म्हणजे ‘मॅड मॅक्स २’. १९८१ च्या डिसेंबरात तो ऑस्ट्रेलियात लागला आणि १९८२ साली अमेरिकेत ‘द रोड वॉरियर’ या नावानं गेला. त्याला आता चाळीस वर्षं उलटून गेली, तरी त्याचा प्रभाव ओसरत नाही, असं जाणकार लोक पुन्हापुन्हा लिहितात. मी म्हणतो, अगदी खरं आहे. ओसरत नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे!

मी बँकेत कारकून. पदवी कॉमर्सची. शाखा पणदऱ्याची, म्हणजे बारामती-नीरा रस्त्यावरची. एका अंगाला माळेगावचा साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला सोमेश्वरचा, आणि मधे आम्ही, चरकातल्या उसासारखे. आता अशा माणसानं ऑस्ट्रेलियाच्या सिनेमावर बोलावं का? बोलावं. कारण आमच्या शाखेत नुकतेच आलेले एक साहेब आहेत. वय वर्षं सव्वीस, गाव पुणे. ते मला ‘काका’ म्हणतात आणि जेवणाच्या सुट्टीत या सिनेमाचं कीर्तन करतात. डबा माझा उघडलेला असतो आणि तोंड त्यांचं.

“काका, या एका पिक्चरनं जगाची कल्पनाशक्ती बदलली,” असं ते परवा म्हणाले.

त्यांनी पुरावेही दिले, आणि पुरावे खोटे नव्हते. जपानात १९८३ साली ‘फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार’ नावाची चित्रकथा सुरू झाली, ती याच मुशीतली. १९९५ साली ‘वॉटरवर्ल्ड’ आला. त्यात वाळवंटाऐवजी समुद्र, बाकी मसाला तोच. संगणकावरचे ‘फॉलआउट’सारखे खेळ याच रस्त्याने गेले. जिथे चित्रीकरण झालं त्या ऑस्ट्रेलियातल्या सिल्व्हर्टन नावाच्या एवढ्याशा वस्तीत या सिनेमाचं म्युझियम आहे. आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात २०१० पासून एक जत्रा भरते. तिथे हजारो माणसं तिकीट काढून जातात, फाटके कपडे घालतात, धूळ खातात आणि जग संपल्यासारखं चार-पाच दिवस राहून परत येतात. तसा वेष केल्याशिवाय आतच सोडत नाहीत म्हणे.

मी म्हटलं, “साहेब, आमच्या तालुक्याच्या जिरायती भागात हे सगळं बारा महिने चालतं, आणि तिकीट नाही.”

साहेब हसले. पुण्याची माणसं हसतात तसे, म्हणजे न पटून.

हिशेबाच्या अंगानं पाहिलं तर या सिनेमाच्या कर्त्याला माझा साष्टांग नमस्कार आहे. पहिला ‘मॅड मॅक्स’ १९७९ चा. खर्च चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास आणि जमा दहा कोटी डॉलर! खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त नफा मिळवणारा सिनेमा म्हणून गिनेस बुकात त्याचं नाव होतं, ते १९९९ साली ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’ येईपर्यंत टिकलं. असा ताळेबंद आमच्याकडे एखाद्या संस्थेनं दाखवला असता तर दुसऱ्या दिवशी ऑडिटर नेमला असता. दिग्दर्शक जॉर्ज मिलर हा मूळचा डॉक्टर. सिडनीच्या इस्पितळात अपघातात फुटलेली माणसं शिवता शिवता त्याला हे सुचत गेलं. अमेरिकेत तो पहिला सिनेमा नेला तेव्हा तिथल्या वितरकांनी ऑस्ट्रेलियन इंग्रजीवर अमेरिकन इंग्रजी चढवलं. इंग्रजीचं इंग्रजीत भाषांतर! यात हसण्यासारखं काही नाही. पुण्याहून बदलून आलेल्या साहेबांना आमच्या काउंटरवरचं मराठी मीच मराठीत समजावून सांगतो.

आणि या साऱ्याचा उगम कुठे? तर पहिल्या सिनेमाचा सहलेखक जेम्स मॅककॉसलंड यानं पुढे लिहून ठेवलंय, की १९७३ च्या तेलटंचाईत ऑस्ट्रेलियातली माणसं पेट्रोलपंपाच्या रांगेत कशी हातघाईवर आली, ते पाहून त्यांनी ही गोष्ट रचली. रांगेत मारामारी झाली म्हणून त्यांना जगाचा अंत दिसला! आमच्या आईवडिलांच्या पिढीनं रॉकेलच्या रांगेत काय कमी मारामाऱ्या पाहिल्या? पण त्यांना जगाचा अंत काही दिसला नाही. फार तर रॉकेलचा दिसला.

मीही हा सिनेमा पाहिलाय. लहानपणी, गणपतीत. मंडळानं भाड्याने आणलेला व्हिडिओ, पटांगणात खांबाला बांधलेला पडदा नव्हे तर टेबलावर ठेवलेला रंगीत टीव्ही, आणि समोर अडीचशे माणसं. खरं म्हणजे पौराणिक लागायचं होतं. कॅसेटवाल्यानं चुकून हे दिलं. इंग्रजी कोणालाच कळत नव्हतं, पण कोणी उठलं नाही. हिरोलाच मुळात चार वाक्यं बोलायला दिली आहेत, त्यामुळे न कळण्यासारखंही फारसं काही नव्हतं. वाळवंटात एक तेलाचं ठाणं, त्याला वेढा घालून बसलेले डाकू, आणि ठाण्यातलं पेट्रोल टँकरमधून बाहेर काढायचं. संपली गोष्ट.

सिनेमा चांगला आहे, यात वाद नाही. वाद पुढे आहे. या सिनेमानं जगाला प्रलयाचं जे चित्र शिकवलं, ते साफ चुकीचं आहे, आणि ते चुकीचं चित्र डोक्यात बसल्यामुळे खरा प्रलय दारात आला तरी आपण त्याला ‘या, बसा, चहा घेणार?’ असं विचारतो. हा माझा आरोप आहे. तो मी कलमवार मांडतो.

कलम पहिलं : पोशाख.

या सिनेमातला दुष्ट ओळखायला दोन मिनिटं लागत नाहीत. डोक्यावर कोंबड्यासारखा तुरा, खांद्यावर पिसं, अंगाला चामड्याचे पट्टे. त्यांचा सरदार ह्यूमंगस, तो तर तोंडावर हॉकीतल्या गोलरक्षकासारखा मुखवटा घालून उघडाबंब फिरतो. आता मला सांगा, असा माणूस आपल्या गावात आला तर काय होईल? पोरं मागे लागतील, कुत्री भुंकतील, पोलीसपाटील नाव-गाव विचारतील. अशा अवतारात कोणाला साध्या विकास सोसायटीची निवडणूकसुद्धा जिंकता येणार नाही.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. हा ह्यूमंगस स्वतः बोलण्याआधी एक माणूस पुढे येऊन त्याची तोंड फाटेस्तोवर स्तुती करतो, मग तो हातात माइक घेतो आणि समजुतीच्या सुरात सांगतो की तेल सोडून मुकाट्यानं निघून जा, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. सूत्रसंचालक, माइक आणि आश्वासन! एवढा तुकडा मात्र थेट आमच्याकडच्या सभेतून उचलल्यासारखा आहे. फक्त शाल-श्रीफळ राहिलं.

पण खरा खलनायक पाहायचा असेल तर ऑस्ट्रेलियाला कशाला जायला हवं? आपल्याकडे ‘सामना’ होता. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांचं लेखन. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवातही गेला होता. त्यात निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील आठवा. साखर कारखान्याचा धनी. चामडं नाही, पिसं नाही, मुखवटा नाही. पाहुण्याची बडदास्त ठेवतो, आदरानं बोलतो, प्यायला हवं नको विचारतो. आणि तरी मारुती कांबळे नावाचा एक माणूस गावातून नाहीसा झालेला असतो, आणि त्याचं काय झालं हे विचारायला एका दारुड्या मास्तरावाचून कोणी तयार नसतं. त्या हिंदुरावाच्या एका हसण्यापुढे ह्यूमंगसचे सगळे मोटारसायकलवाले म्हणजे गॅदरिंगमधली पोरं! पण साहेबांच्या पिढीला ह्यूमंगस तोंडपाठ आणि ‘सामना’ ठाऊक नाही. याला म्हणतात प्रभाव.

कलम दुसरं : कागद.

या सिनेमात जग संपल्याबरोबर सगळ्यांत आधी नाहीसा होतो तो कारकून. दीड तास मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. एक रजिस्टर नाही, एक शिक्का नाही, एक अर्ज नाही. एवढं टँकरभर पेट्रोल ठाण्यातून बाहेर जातं, पण गेटपास नाही! माझा व्यावसायिक अपमान सोडून द्या, पण हे घडणं शक्यच नाही. जग संपेल, पण अर्ज संपणार नाहीत. आपल्याकडे प्रलय आला तर तो तीन प्रतींत येईल.

आणि येऊन गेला आहे. तारखा देतो. याच जॉर्ज मिलरचा पुढचा ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ २०१५ च्या मे महिन्यात आला. त्यात पेट्रोलची जागा पाण्यानं घेतली. एका उंच कड्यावर बसलेला सत्ताधीश खालच्या तहानलेल्या गर्दीवर क्षणभर पाण्याचा लोट सोडतो, लगेच बंद करतो, आणि वर उपदेश करतो की पाण्याची चटक लावून घेऊ नका. २८ फेब्रुवारी २०१६ रोजी या सिनेमाला सहा ऑस्कर मिळाली. काय ती कल्पनाशक्ती, म्हणून सगळ्या जगानं टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या थांबतात न थांबतात तोच, मार्च २०१६ मध्ये, आपल्या लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ आणि टँकर भरायच्या ठिकाणी १४४ कलम लागलं. पाच माणसांनी एकत्र जमायचं नाही. कशासाठी? तर पाण्यासाठी! एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीनं पाणी न्यावं लागलं. सुमारे ३४० किलोमीटर. पहिल्या खेपेला १० डबे, ५ लाख लिटर. गाडीचं नावसुद्धा ठेवलं, ‘जलदूत’. आणि ते डबे कुठले? तेल वाहणारे टँकर-डबे राजस्थानात कोटाच्या कारखान्यात वाफेनं धुऊन काढले आणि त्यांत पाणी भरलं. काल तेल, आज पाणी. जॉर्ज मिलरला या वळणापर्यंत यायला छत्तीस वर्षं आणि चार सिनेमे लागले. आपल्या रेल्वेनं ते एका धुलाईत उरकलं.

त्या गाडीवर कोणी तुरेवाल्यानं हल्ला केला नाही. केला असता तर बरं झालं असतं असं मी म्हणत नाही, पण निदान लोकांना कळलं तरी असतं की हा प्रलय आहे. इथे स्टेशनवर गर्दी झाली, फोटो निघाले, हार घातले गेले. हार! पाण्याच्या गाडीला हार घालायची वेळ येते तेव्हा आधी मान खाली घालायची असते. पण आपल्या डोक्यातला प्रलय चामड्याचे कपडे घालून यायला हवा होता, तो आला नाही. टेरीकॉटची पँट घालून, हातात यादी घेऊन आला. म्हणून आपण ओळखला नाही.

कलम तिसरं : टोळी.

त्या सिनेमात टोळी म्हणजे लुटारू. धुरळा उडवत गाड्या येतात, लुटतात, जातात. आमच्याकडेही टोळी येते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला, ट्रॅक्टरवर बसून, धुरळा उडवत. बीडकडून, नगरकडून (आता अहिल्यानगर). ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, म्हातारी, तान्हं पोर आणि सगळ्यांच्या वर एक शेळी. ही ऊसतोडीची टोळी. आमच्या भाषेत या टोळीची मोजणी माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसाला हत्याराच्या नावानं मोजायचं हे त्या सिनेमावाल्यांनासुद्धा सुचलं नाही.

ही टोळी लुटायला येत नाही. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला येते. रानाच्या कडेला पाचटाच्या कोप्या घालायच्या, पहाटे अंधारात फडात शिरायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. हंगाम संपला की परत. पुढल्या पावसाळ्यात पुन्हा उचल. ही माणसं आपलं गाव सोडून का येतात? तिकडे पाणी नाही म्हणून. आणि येतात कुठे? जिथलं पाणी उसात उभं आहे तिथे. प्रलयातून वाचलेली माणसं पाहायला कॅलिफोर्नियाची जत्रा कशाला हवी? पणदऱ्याच्या बाहेर निघा, कालव्याच्या कडेनं चाला. कोपीसमोर चूल पेटलेली दिसेल.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढून टाकण्याचे प्रकार इतके वाढले की २०१९ साली सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली. तोडीत खाडा पडायला नको, हे त्यातलं एक कारण. हे वाक्य विनोदी लेखात बसत नाही, मला ठाऊक आहे. ते कुठेच बसत नाही. पण ‘फ्युरी रोड’मध्ये बायकांना जनावरासारखं वागवतात म्हणून जे हळहळले, त्यांना एवढंच सांगायचंय, की तो सिनेमा नामिबियात काढला होता. हे इथलं आहे.

कलम चौथं : चाक.

त्या सिनेमांत चाकाला फार महत्त्व. ‘फ्युरी रोड’मधली पोरं तर स्टिअरिंगच्या चाकांची देव्हाऱ्यासारखी रास रचून ठेवतात. ज्याच्या हाती स्टिअरिंग, तो राजा. साहेबांचाही तसाच समज आहे. त्यांनी नवीन मोटारसायकलचा सायलेन्सर बदलून घेतलाय, ते शाखेत यायला निघाले की आम्हाला माळेगावपासून कळतं. पण आमच्या भागातलं लहान पोरसुद्धा सांगेल, की राज्य करणारं चाक गाडीला नसतं. ते कालव्याच्या दाराला असतं.

आमचा नीरा डावा कालवा जुना. १८७६-७७ च्या दुष्काळानंतरच्या दशकात तो वाहू लागला. दुष्काळानं तडफडलेल्या मुलखासाठी इंग्रजांनी काढला. म्हणजे प्रलयानंतरची वास्तूच म्हणायची! त्याच्या पाण्यावर माळरानाची बागायत झाली, शाळा आल्या, कॉलेजं आली, बँका आल्या, माझी नोकरी आली. कालव्याचे उपकार मी नाकारत नाही. पण त्याच तालुक्यात कालव्याच्या अलीकडे आणि पलीकडे दोन जगं झाली. अलीकडे दारं धरता धरता ऊस गुडघाभर पाण्यात उभा, आणि पलीकडे मोरगाव-सुप्याच्या बाजूला उन्हाळा लागला की टँकरची वाट. राज्याचा हिशेबही काही वेगळा नाही. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानंच नोंदवून ठेवलंय, की महाराष्ट्रातल्या पिकाखालच्या जमिनीत ऊस ४ टक्क्यांच्या आत, पण सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा जवळजवळ ७० टक्के. माझ्या काउंटरवर एखाद्या खातेदारानं ४ रुपये भरून ७० रुपयांची पावती मागितली तर मी घंटी वाजवून शिपायाला बोलावीन.

हे मी एका बागायतदारांना बोललो. माणूस दिलदार, माझ्याहून वडील.

ते म्हणाले, “भाऊसाहेब, ऊस लावू नको तर काय लावू? कांद्याला भाव नाही, टोमॅटो रस्त्यावर टाकावा लागतो. ऊस तरी कारखाना नेतो. तुमची बँक उसावर कर्ज देती, कांद्यावर देती का?”

मी गप्प बसलो नाही, पण बोलण्यासारखंही फार नव्हतं. कारण त्यांचं खरं होतं. दोष त्या एका शेतकऱ्याचा नाही. चार टक्क्यांना सत्तर टक्के हे काही कोणी मोटारसायकलवर येऊन हिसकावून नेलेलं नाही. ते ठरावानं झालंय, धोरणानं झालंय, पीककर्जाच्या तक्त्यानं झालंय. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.

आता गंमत बघा. उसापासून इथेनॉल होतं. ते पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२५ साली देशानं २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. म्हणजे कालव्याचं पाणी उसात, ऊस कारखान्यात, कारखान्यातून इथेनॉल आणि इथेनॉल साहेबांच्या मोटारसायकलीत. पेट्रोलमध्ये पाणी घालणं हा पूर्वी गुन्हा होता. आता त्याला योजना म्हणतात. मॅक्स बिचारा पेट्रोलच्या चार थेंबांसाठी उलटलेल्या गाडीखाली भांडं धरतो. त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं, की बाबा रे, ऊस लाव.

कलम पाचवं आणि शेवटचं : वाळू.

इथे मात्र त्या सिनेमापुढे मी टोपी काढतो. शेवटी मॅक्स तो टँकर चालवत निघतो. मागे सगळी टोळी. माणसं मरतात, गाड्या फुटतात. टँकर उलटवायचा प्रसंग इतका जिवावरचा होता, की चालकाला आधी बारा तास उपाशी ठेवलं होतं म्हणतात; ऑपरेशन करायची वेळ आलीच तर पोट रिकामं असावं. (आमचे ट्रॉलीवाले भरल्या पोटी उलटतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, पण गाणी चालू.) तर तो टँकर उलटतो आणि त्यातून भळभळा गळते ती वाळू! पेट्रोल केव्हाच दुसऱ्या गाड्यांतल्या पिंपांतून पसार झालेलं असतं. ज्याच्यासाठी एवढे मेले, तो टँकर नुसता हूल द्यायला होता.

गणपतीतल्या त्या व्हिडिओला या प्रसंगी आमच्या पटांगणात हळहळ पसरली होती. आज दाखवला तर उलटं होईल. लोक ओरडतील, “अरे येड्यांनो, वाळू गोळा करा!” भीमेच्या आणि नीरेच्या काठी आज वाळूची किंमत काय आहे, हे मी सांगायला नको. २०२३ साली सरकारनं ६०० रुपये ब्रासनं वाळू देऊ म्हणून जाहीर केलं, तेव्हा घर बांधायला काढलेल्या आमच्या कर्जदारांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. उजनीच्या धरणात होड्या घालून वाळू उपसतात, आणि महसूल खातं त्या होड्या जिलेटिन लावून उडवतं. सिनेमातल्या स्फोटांना तिकीट पडतं. इंदापूरकरांना ते काठावरून फुकट दिसतात. नदीतून वाळू गेली की नदी पाणी धरत नाही. पाणी नाही की टँकर. म्हणजे ट्रकातून वाळू जाते, आणि त्याच रस्त्यानं टँकर येतो. जॉर्ज मिलरनं दोन्ही एकाच गाडीत भरलं, एवढाच फरक.

साहेबांना मी विचारलं, “त्या मॅक्सला टँकरमध्ये वाळू आहे हे आधी ठाऊक होतं का?”

“नाही ना काका! तीच तर गंमत आहे.”

तीच गंमत आहे. या सिनेमात खरं काही असेल तर ते एवढंच. गाडी चालवणाऱ्याला माल काय आहे ते सांगत नाहीत. तो बिचारा जीव तोडून चालवतो, मागे लागणारे जीव तोडून मागे लागतात, आणि खरा माल तिसऱ्याच वाटेनं निघून जातो. ट्रॅक्टरवर रात्र काढणारा ड्रायव्हर, फडातला कोयता, दारं धरणारा गडी, काउंटरमागचा कारकून, सगळे मॅक्सच. पण या सिनेमाचा प्रभाव सांगणाऱ्या एकानेही ही वाळू लक्षात ठेवलेली नाही. त्यांनी उचलला तो तुरा, तो चामड्याचा पट्टा आणि तो सायलेन्सर. चाळीस वर्षं जग या सिनेमाचं कातडं पांघरून नाचतंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. पोरांनी हे सिनेमे जरूर बघावेत. पण मुखवटेवाला कुठे दिसतोय का हे शोधत बसू नये. आवर्तनाचं पाणी शेवटच्या चारीपर्यंत का पोहोचत नाही, हे पाटबंधारे खात्याच्या कचेरीत जाऊन विचारावं. टँकरच्या खेपा कागदावर किती आणि गावात किती, हे ग्रामसभेत मोजायला सांगावं. टोळी गावात आली की कोपीला दिवा आणि प्यायला नळाचं पाणी आहे का, हे बघावं. यात थरार नाही, पाठलाग नाही, याला ऑस्कर मिळणार नाही. पण प्रलय टळला तर तो असाच टळेल, कंटाळवाण्या प्रश्नांनी.

आणि तरीही एखाद्या दिवशी ती तुरेवाली टोळी खरोखरच पणदऱ्यावर चालून आली, तर घाबरायचं कारण नाही. हंगामात आली तर उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागे अडकून माळेगावपासून इथवर यायला तिला तास लागेल. हंगामाबाहेर आली आणि पाणी मागायला लागली, तर चारीवर त्यांना कोणीतरी विचारीलच, “सभासद आहात का? अर्ज आणलाय?”